ड्रोसोफिला किट रिव्ह्यू: अंडी मोजायला उत्तम, पण म्युटेशनच्या पानांवर जाताना जपून

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. "केमिकलचा प्रजननावर आणि जनुकांवर होणारा परिणाम" असं नाव देऊन कॉलेजांना जे ड्रोसोफिलाचं (पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माशीचं) किट विकतात ते आमच्या डिपार्टमेंटने घेतलं. त्यातला प्रजननाचा भाग मला मनापासून आवडला, बीएस्सीच्या मुलांकडून इतक्या कमी पैशात इतका खरा प्रयोग करून घेणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. म्युटेशनचा, म्हणजे जनुकांत होणाऱ्या बदलांचा भाग मात्र पुस्तिकेत छापलाय तसा अजिबात करू नका, कारण त्यातून मुलं जे शिकतात ते चुकीचं आहे आणि एकदा डोक्यात बसलं की एमएस्सीपर्यंत निघत नाही. पाचपैकी साडेतीन. अर्धा फक्त माश्यांच्या क्वालिटीसाठी.

मी मराठवाड्यात झूऑलॉजी शिकवते. बेडूक-झुरळांची डिसेक्शन्स गेल्यापासून प्रॅक्टिकलला जिवंत असं फार काही उरलं नव्हतं, आणि आता चार वर्षांच्या डिग्रीत रिसर्च प्रोजेक्ट आलाय, तेव्हा मुलांना द्यायचं काय हा प्रश्न होताच. आमची निम्मीअधिक मुलं कापूस-सोयाबीनच्या शेतातून येतात. २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणी करताना जी विषबाधा झाली, माणसं गेली, ते त्यांच्या घरात अजून बोललं जातं. त्यामुळे प्रोजेक्टचे विषय काढा म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो, की मॅडम, फवारा मारणाऱ्या माणसाला पुढे मूलबाळ होण्यावर काही परिणाम होतो का, आणि झालेल्या मुलांमध्ये काही येतं का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि किटवाल्यांनी ते एका डब्यात घातलेत, इथूनच सगळी गडबड सुरू होते.

डब्यात काय येतं ते बघू. जंगली जातीच्या म्हणजे वाइल्ड टाइप माश्यांच्या दोन व्हायल (छोट्या बाटल्या), पांढऱ्या डोळ्यांची एक, आखूड पंखांची म्हणजे व्हेस्टिजिअलची एक. रिकाम्या प्लॅस्टिकच्या व्हायल आणि फोमची बुचं भरपूर. तयार मीडियमची (माश्यांच्या खाण्याची) पावडर, गुंगी द्यायचं औषध आणि ते बुडवायची काडी, दोन बारीक ब्रश, कॅफिन, मोरचूद, खायचा रंग आणि पुस्तिका. मायक्रोस्कोप अर्थातच तुमचा, डिसेक्टिंगवाला असला की झालं. किंमत तीन हजारांच्या आत पडली.

माश्या एकदम मस्त. जोमदार, एकसारख्या, बुरशी नाही, माइट (कल्चरला लागणारे बारीक किडे) नाहीत. ज्यांनी पावसाळ्यात कल्चर सांभाळलंय त्यांना माइट नसण्याची किंमत कळेल. आमची पहिली खेप उन्हाळ्यात कुरियरच्या गाडीत उकडून मेली होती, फोन केला तर त्यांनी काही न विचारता दुसरी पाठवली, हे चांगलंच. मधल्या काळात मुलांनी उत्साहाने पिकलेलं केळं बाटलीत ठेवून माश्या धरल्या, पण त्यातल्या बऱ्याच डोक्या-पाठीवर चंदेरी पांढऱ्या पट्ट्यांच्या निघाल्या. ती झाप्रिओनस इंडियानस, आपल्याकडे सगळीकडे असते, दिसते सुंदर पण या प्रयोगाला चालत नाही. ड्रोसोफिला अनानासी पण भरपूर येते. तेव्हा केळ्यावरच्या चिलटांवर काम भागेल असं समजू नका, आणि आंब्या-पेरूत अळ्या करणारी फळमाशी तर वेगळ्याच कुळातली, तिचा इथे संबंध नाही. प्रयोगाला किटमधली ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरच पाहिजे, कारण शंभर वर्षांहून जास्त काळाची माहिती तिच्यावर जमा आहे. १९१० मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत मॉर्गन या शास्त्रज्ञाला पांढऱ्या डोळ्यांचा तो एक नर सापडला तेव्हापासून. चारच गुणसूत्रांच्या जोड्या, २५ डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस, आणि एक माशी शेकड्यांनी अंडी घालणार. सेमिस्टरमध्ये तीन पिढ्या आरामात बसतात.

गुंगीचं औषध ट्रायइथिलअमाइनचं आहे, वास उग्र, पण इथरपेक्षा शंभरपट बरं, पेट घ्यायची भीती नाही तेवढी आणि माश्या बराच वेळ पडून राहतात. काडी आत किती वेळ ठेवायची ते पुस्तिकेत दिलंय त्याच्या अर्ध्यापासून सुरू करा. पंख अंगापासून काटकोनात उभे राहिले म्हणजे माशी गेली, ती परत उठत नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावं.

तयार मीडियम पावडर सोयीची आहे, पाणी घातलं की झालं, शिजवायचं काम नाही. पण ती लवकर संपते आणि वेगळी मागवायला महाग पडते. आम्ही म्हैसूरच्या लोकांची जुनी रव्याची पद्धत वापरतो, लिटरभर पाण्याला गूळ १०० ग्रॅम, रवा १०० ग्रॅम, अगर ८ ते १० ग्रॅम, शिऱ्यासारखं घट्ट होईपर्यंत ढवळायचं आणि उतरवून थोडं निवलं की साडेसात मिली प्रोपिओनिक आम्ल, वर यीस्टचे दाणे. हे सांगायचं अजून एक कारण आहे. कंपनीच्या पावडरीत बुरशी न यायचं औषध आधीच घातलेलं असतं, ते किती ते पाकिटावर लिहिलेलं नाही, आणि आपण केमिकलचा परिणाम मोजायला बसलोय. स्वतः केलेल्या मीडियममध्ये काय गेलंय ते आपल्याला माहीत असतं. काहीही करा, पण कंट्रोल (केमिकल न दिलेल्या) आणि केमिकलवाल्या व्हायल एकाच पातेल्यातून भरा, हे पुस्तिकेत कुठेच नाही आणि ते पहिल्या पानावर पाहिजे होतं.

आता प्रजननाचा भाग. हा ज्याने कोणी लिहिलाय त्याने हातानं केलेला आहे हे जाणवतं. व्हर्जिन (नराशी न जुळलेल्या) माद्या गोळा करायचं प्रकरण नीट समजावलंय, कोषातून बाहेर आल्यावर आठ तासांच्या आत वेगळ्या करायच्या, अंग फिकट असतं आणि पोटावर बाहेरून दिसणारा गडद ठिपका असतो. हे का करायचं तर मादी एकदा नराशी जुळली की नराचं वीर्य पोटातल्या पिशव्यांमध्ये साठवते आणि पुढचे बरेच दिवस त्यावरच अंडी फळवते, म्हणजे तुम्ही केमिकल दिलेल्या नरासोबत सोडलेली मादी आधीच दुसऱ्या नराकडून आलेली असेल तर तुमचा आकडा त्या नराचा असतो. नराच्या पुढच्या पायांवर काळी फणी असते ती बघून नर-मादी ओळखायचे, त्याचा फोटोही छान आहे.

पुस्तिका तीन वेगळे आकडे घ्यायला लावते आणि याबद्दल माझे पूर्ण मार्क. मादीने अंडी किती घातली, त्यातली फुटून अळ्या किती झाल्या, आणि अळ्यांपैकी माश्या किती बाहेर आल्या. बहुतेक ठिकाणी मुलं शेवटच्या माश्या मोजतात आणि "प्रजननक्षमता कमी झाली" असं लिहून मोकळी होतात, पण माश्या कमी होण्याचं कारण माद्यांनी अंडीच कमी घातली हे असेल, नराचं वीर्य खराब झालं हे असेल, किंवा अंडी-बिंडी सगळं ठीक पण अळ्याच विषारी खाणं खाऊन मेल्या हे असेल. तिन्ही वेगळे आजार आहेत. अंडी दिसायला गडद रंगाचा मीडियम लागतो, किटमधला खायचा रंग त्यासाठीच आहे, पांढरी अंडी आणि त्यांच्या टोकाचे दोन धागे त्यावर स्पष्ट उठून दिसतात. चोवीस तासांत न फुटलेली अंडी पण फेकू नका, अजून एक दिवस ठेवून बघा. जी तपकिरी झाली त्यात गर्भ बराच वाढून मग मेला, जी पांढरीच राहिली ती एकतर फळलीच नव्हती नाहीतर फार सुरुवातीला गेली. एवढ्या एका निरीक्षणावर आमच्या पोरींनी अख्खी दुपार काढली, प्रॅक्टिकलची वेळ संपून गेली तरी कोणी हलेना.

कॅफिनचा प्रयोग छान चालतो, डोस वाढवला तशी अंडी कमी होत जातात, आलेख सुंदर येतो. मोरचुदाचाही. पण इथे एक मोठी फट आहे. माशीला कडू आवडत नाही, ती कडू मीडियम कमी खाते आणि त्यावर अंडी घालायलाही टाळते. मग अंडी कमी झाली ती कॅफिनने अंडाशयाला काही केलं म्हणून की माशी उपाशी राहिली म्हणून की तिला ती जागाच नको होती म्हणून? पुस्तिकेने माद्यांना केमिकलच्या व्हायलमध्येच अंडी घालायला लावलीत. त्याऐवजी केमिकल खाऊ घालून झालं की माद्या साध्या मीडियमवर हलवा आणि तिथे मोजा. उपासाचा हिशोब करायला मीडियमचं पोषण कमी केलेली अजून एक रांग ठेवा, आणि किती खातात ते बघायचं तर मीडियममध्ये रंग घालून पोट किती रंगतं ते बघता येतं. केमिकल नराला दिलं की मादीला हेही वेगवेगळं करून बघा, चार जोड्या होतात, दोन्ही साधे, फक्त नराला, फक्त मादीला, दोघांना. पुस्तिकेत फक्त शेवटची जोडी आहे, आणि फवारणी करणारे बहुतेक पुरुष असताना नराची वेगळी रांग नसणं मला खटकलं.

आपल्याकडे हा प्रयोग करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तापमान. नर ३० डिग्रीला वाढवले तर ते वांझ होतात. केमिकल नाही, काही नाही, नुसत्या उकाड्याने. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या लॅबमध्ये दुपारी काय असतं ते सांगायला नको, आणि बीओडी इनक्युबेटर (तापमान कायम ठेवणारं कपाट) असला तरी लाइट गेली की तो बंद डबाच. किटवर "रूम टेंपरेचरला चालेल" असं छापलंय. ते बंगळुरूला चालत असेल, परभणी-नांदेडला चालत नाही. खिडकीजवळच्या स्टँडवर केमिकलवाल्या व्हायल आणि आतल्या कपाटात कंट्रोल अशी मांडणी झाली तर उन्हाचा परिणाम केमिकलच्या नावावर जमा होतो आणि कोणाला कळतही नाही. व्हायल मिसळून ठेवा, थर्मामीटर सोबत ठेवा, रोजचं तापमान वहीत लिहा.

एवढं जमलं तर प्रजननाचे निकाल बऱ्यापैकी विश्वासाचे निघतात आणि मुलांना पहिल्यांदाच कळतं की आकडा येणं आणि आकड्याचा अर्थ लागणं यात किती अंतर आहे.

आता म्युटेशनची पानं, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे. पुस्तिका सांगते की केमिकलवर वाढवलेल्या अळ्यांपासून निघालेल्या माश्या बघा, वाकडे पंख, चुरगळलेले पंख, खराब डोळे, रंगात फरक असं काही दिसलं की "म्युटंट" या रकान्यात नोंदवा आणि टक्केवारी काढा. आमची पोरं आनंदाने ओरडत आली, मॅडम ह्यांचे पंख वाकडेत, म्युटेशन झालं ना. नाही बाळांनो. म्युटेशन म्हणजे डीएनएत झालेला बदल, आणि तो शुक्रपेशीत किंवा अंड्यात झाला तर पुढच्या पिढीत जातो. त्या माशीचे पंख वाकडे व्हायला नुकतीच बाहेर आलेली माशी ओल्या मीडियमला चिकटणं पुरतं. आणि खरोखर केमिकलमुळे झालं असलं तरी तो वाढीत झालेला बिघाड असू शकतो, जनुक जागच्या जागी धडधाकट. याला फेनोकॉपी म्हणतात, गोल्डश्मिटने १९३५ मध्ये हे नाव दिलं, त्याने अळ्यांना उष्णतेचे झटके देऊन म्युटंटसारख्या दिसणाऱ्या माश्या काढल्या होत्या. मीडियममध्ये चांदीचे क्षार घातले की माश्या पिवळ्या निघतात, हुबेहूब यलो म्युटंट, पण त्यांची पिल्लं साध्या मीडियमवर वाढवा, परत नेहमीच्या रंगाची. अंड्यांना ठरावीक वेळी इथरची वाफ दिली तर चार पंखांकडे झुकणारी माशी होते, बायथोरॅक्स म्युटंटसारखी, तीही पुढे जात नाही. त्यामुळे पहिल्या पिढीत काहीही वेगळं दिसलं की आधी ती माशी साध्या माशीबरोबर लावा, पिल्लं आपसात लावा, आणि दोन पिढ्यांनी परत दिसतंय का बघा. हे एक वाक्य पुस्तिकेत नाही आणि त्या एका वाक्याशिवाय ती टक्केवारी कशाचीच नाही.

दुसरी अडचण त्याहून मुळाची. बहुतेक म्युटेशन अप्रभावी (रिसेसिव्ह, म्हणजे जोडीचं जनुक चांगलं असेल तर झाकली जाणारी) असतात आणि कित्येक तर जीवघेणी असतात, म्हणजे ती पहिल्या पिढीत दिसतच नाहीत. केमिकल दिलेल्या नराचा एक्स (नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी एक) मुलीकडे जातो, मुलीकडे आईचा दुसरा चांगला एक्स असतो, झाकलं गेलं. मुलगा आईचा एक्स घेतो, त्याच्यात बापाच्या एक्सवरचं काही येतच नाही. म्हणजे पुस्तिका जिथे बघायला सांगते तिथे ते नसतंच. आणि आकडा किती लहान असतो ते बघा, एक्सवर आपोआप होणारी जीवघेणी म्युटेशन हजारात एक-दोन. चार व्हायलमध्ये ते सापडायची वाट बघणं व्यर्थ.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वी सुटलेलं कोडं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. मुलर या शास्त्रज्ञाने असा एक्स बनवला ज्यात क्रॉसिंग ओव्हर (जोडीच्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) होत नाही आणि जो डोळ्यावरून ओळखता येतो, १९२७ मध्ये त्यावर एक्स-रेने म्युटेशन होतात हे दाखवलं, जास्त डोस दिलेल्या माश्यांमध्ये साधारण दीडशेपट, आणि १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. केमिकलने होतात हे दाखवलं शार्लट आउअरबाखने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिनबरामध्ये, मस्टर्ड गॅसवर. जर्मनीतून निसटून आलेली ज्यू बाई, त्या गॅसने हात भाजले तरी काम चालू ठेवलं, आणि युद्धाची गुप्तता म्हणून निकाल १९४६ पर्यंत छापता आला नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे दरवर्षी सांगते. त्याच एडिनबरात मुलरच्या हाताखाली आपले एस. पी. रायचौधुरी होते, त्यांनी किरणांचा डोस हळूहळू खूप दिवस दिला काय आणि एकदम दिला काय, एकूण डोस तेवढाच असेल तर म्युटेशन तेवढीच होतात असं दाखवलं. ते किरणांबद्दल आहे, केमिकलला जसंच्या तसं लावता येत नाही, पण "थोडं थोडं रोज अंगावर पडलं तर काय होतंय" असं म्हणणाऱ्या गावात हा प्रश्न विचारायला शिकवणं फार गरजेचं आहे असं मला वाटतं.

फॉर्मलिनचं प्रकरण तर अजूनच. पुस्तिका म्हणते लॅबमधलं फॉर्मलिन मीडियममध्ये पातळ करून मोठ्या माश्यांना द्या आणि म्युटेशन बघा. रशियात रापोपोर्टने फॉर्मल्डिहाइडने म्युटेशन होतात हे दाखवलं हे खरं, पण खाण्यातून दिलं तर ते फक्त नर अळ्यांमध्ये चालतं, त्यांच्या वाढणाऱ्या शुक्रपेशींच्या एका ठरावीक टप्प्यावर. मोठ्या माश्यांना खाऊ घालून हाती काही लागत नाही, उलट कॅन्सर करणारं रसायन पोरांच्या नाकापाशी. ते पान मी फाडूनच ठेवलंय. ईएमएस नावाचं म्युटेशन घडवणारं जे खरं जबरदस्त औषध आहे, साखरेच्या पाण्यातून नरांना रात्रभर पाजतात, तेच वापरून मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी वास-चवीचे म्युटंट काढले, ते या किटमध्ये नाही आणि ते नाही हे अगदी बरोबर केलंय. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) आणि शिकलेला हात असल्याशिवाय ते कॉलेजात येऊच नये.

मग करायचं काय? किट घेतलंच असेल तर बास्क नावाचा स्टॉक (मुलरच्यासारखाच खास एक्स असलेल्या माश्या) वेगळा मिळवा. म्हैसूर युनिव्हर्सिटीच्या ड्रोसोफिला स्टॉक सेंटरला विचारा, किंवा जवळच्या माश्यांच्या लॅबला नीट पत्र लिहा, ही माणसं स्टॉक वाटून घेण्यात दिलदार असतात. बास्कच्या माद्यांना अरुंद फिक्या डोळ्यांची खूण असते. केमिकल दिलेले जंगली नर त्यांच्याशी लावायचे, निघालेल्या मुलींपैकी प्रत्येकीला वेगळ्या व्हायलमध्ये तिच्या भावांबरोबर ठेवायचं, आणि पुढच्या पिढीत फक्त एवढंच बघायचं की गोल लाल डोळ्यांचे नर आहेत का. आहेत तर ठीक. एकही नाही, तर त्या एका एक्सवर जीवघेणं म्युटेशन बसलंय. मोजायला दहा सेकंद, एक व्हायल म्हणजे एका शुक्रपेशीचा एक एक्स. ओईसीडी या देशांच्या संघटनेने ही टेस्ट २०१४ मध्ये रसायनं तपासायच्या आपल्या गाइडलाइनमधून काढली, पण जनुकं कशी चालतात हे शिकवायला याच्याइतकं स्वच्छ काही नाही. आकडा मोठा लागतो, म्हणून दोन-तीन कॉलेजांनी मिळून करावं, दर वर्षीच्या बॅचने आधीच्या आकड्यात भर घालावी.

नराला केमिकल दिल्यावर दर दोन-तीन दिवसांनी त्याला नव्या व्हर्जिन माद्या द्या. पहिल्या खेपेत केमिकलच्या वेळी पूर्ण तयार असलेलं वीर्य येतं, पुढच्या खेपांमध्ये तेव्हा अर्धवट असलेल्या पेशींचं. कुठल्या खेपेत अंडी फुटत नाहीत आणि कुठल्या खेपेत म्युटेशन येतात हे शेजारी शेजारी मांडलं की प्रजनन आणि म्युटेशन एकमेकांशी कुठे जुळतात, कुठे सुटतात ते दिसायला लागतं. किटच्या नावात जे वचन आहे ते खरं तर इथे पुरं होतं.

एवढ्या व्हायल सांभाळणं शक्य नसेल तर पंखांवरच्या ठिपक्यांची टेस्ट करा. पंखाच्या प्रत्येक पेशीवर साधारण एकच केस असतो, एमडब्ल्यूएच (मल्टिपल विंग हेअर्स) म्युटंटमध्ये एका पेशीवर अनेक. तो एका बाजूने आणि फ्लेअर हे केसांचंच दुसरं म्युटेशन दुसऱ्या बाजूने आणून केलेल्या संकराच्या तीन दिवसांच्या अळ्यांना केमिकल द्यायचं, माशी झाली की पंख काचपट्टीवर लावून साध्या मायक्रोस्कोपखाली ४०० पट मोठा करून अनेक केसांचे पुंजके मोजायचे. एका पंखावर हजारो पेशी, म्हणजे थोड्या माश्यांत भरपूर आकडा. हे पुढच्या पिढीत जाणारं म्युटेशन नाही, त्या माशीच्या अंगातलं आहे, ते मुलांना सांगून ठेवायचं.

शेतीच्या औषधांबद्दल, कारण पोरं ती बाटली घरून घेऊन येणारच. मोनोक्रोटोफॉससारखं जहाल कीटकनाशक लॅबच्या दारातून आत येऊ देऊ नका, हे ठाम. आणि कीटकनाशक हे कीटक मारायलाच केलंय, तेव्हा माशीची अंडी कमी झाली यावरून बापाचं काय होईल असा निष्कर्ष प्रोजेक्टमध्ये लिहू देऊ नका. डीएनएचं मात्र तसं नाही, तो माशीत आणि माणसात एकाच घडणीचा, शिवाय माशीच्या अंगातही रसायनं बदलणारी एंझाइमं आहेत, बॅक्टेरियावर म्युटेशन तपासणाऱ्या एम्स टेस्टसारखा उंदराच्या यकृताचा अर्क वेगळा घालावा लागत नाही. म्हणून माशीवरचं म्युटेशनचं निरीक्षण माणसाबद्दल इशारा म्हणून जास्त कामाचं, बाकी पुरावा माणसांतूनच यावा लागतो. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉपच्या कारखान्यात डीबीसीपी हे शेतातलं सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांनी १९७७ मध्ये आपसात बोलताना ताडलं की आपल्यात कोणाला मुलंच होत नाहीयेत, तपासणीत वीर्यात शुक्रपेशी अगदी कमी नाहीतर नाहीतच असं निघालं, आणि दोनच वर्षांत त्याचा बहुतेक वापर तिथे बंद झाला. हे सांगितलं की आमच्या पोरांचे चेहरे बदलतात, त्यातल्या दोघांनी तर गावातल्या फवारणीवाल्यांकडे हातमोजे आणि मास्क असतात का याची यादीच करायला घेतली.

पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे आणि तीही जड. मराठीत दोन पानं काढली असती तर आमच्यासारख्या कॉलेजांचं काम हलकं झालं असतं. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने ड्रोसोफिलाच्या प्रयोगांचं पुस्तक ऑनलाइन फुकट ठेवलंय, ते डाउनलोड करून घ्या आणि म्युटेशनच्या बाबतीत किटच्या पुस्तिकेऐवजी तेच उघडा. कंपनीला मी लिहिलंय, पांढऱ्या डोळ्यांच्या व्हायलऐवजी बास्क द्या, फॉर्मलिनचं पान काढा, फेनोकॉपीची ओळ घाला. उत्तर आलंय की पुढच्या छपाईत बघू.

मागवायचं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर मागवा, कुरियरमध्ये माश्या तगतात आणि फेब्रुवारी संपेपर्यंत लॅब थंड असते. आल्या आल्या प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती करा, एक बीओडीत आणि एक दुसऱ्या खोलीत. आणि प्रयोग संपला की व्हायल उघड्या टाकू नका, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच धुवायला काढा.